वज्रबाहूच्या तोंडचं वाक्य

लालबागच्या नाक्याच्या जरा अलीकडे ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे कुणाची तरी हातगाडी रुळांत अडकली होती आणि तिच्याभोवती जमलेल्या दहा जणांपैकी नऊ जण नुसते सल्ले देत होते. हेमचंद्र धैर्यवान वरच्या मजल्यावर खिडकीशी बसला होता. मांडीवर कातडी पिशवी, पिशवीत छायावीराच्या चित्रकथेच्या नव्या अंकाची पानं, डोक्यात घरी राहिलेला रुमाल. त्याने सहज बाहेर पाहिलं. गिरणीच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, 'हुतात्मा राजाराम घाडी', आणि त्याखाली जानेवारीतली तारीख. तारखेच्या खाली, जरा लहान पण घोटून घोटून काढलेल्या अक्षरांत, आणखी एक ओळ होती. 'जो जागचा हलत नाही, त्याला गोळी लागत नाही.' हेमचंद्राने ती एकदाच वाचली. पुन्हा वाचायची गरज नव्हती, कारण ती त्याचीच होती.

त्याची म्हणजे त्याच्या चित्रकथेतल्या वज्रबाहूची. गेल्या दिवाळीच्या अंकात, पान एकोणीसवर, चाच्यांच्या बंदुकांसमोर छाती पुढे काढून उभा असलेला वज्रबाहू हे वाक्य बोलला होता. बाजूच्या बाकावरचा म्हातारा तीच भिंत वाचतोय असं हेमचंद्राला वाटलं. म्हातारा खरं तर डुलक्या घेत होता. गोळी लागून मेलेल्या माणसाच्या नावाखाली कुणी असली ओळ का लिहील? चेष्टा म्हणून? अशा माणसाची चेष्टा लालबागेत कोण करील, त्याचं तंगडं मोडून ठेवतील. मग शिवी म्हणून? शिवी असेल तर ती कुणाला? हातगाडी निघाली, घंटा झाली, भिंत मागे गेली. हेमचंद्र मान वळवून मागे पाहत राहिला आणि आपण मान वळवून पाहतोय हे कुणी बघत असेल म्हणून घाईघाईने पुढे पाहू लागला.

फणसवाडीतल्या एका बोळात तळमजल्यावर छापखाना होता आणि त्याच्या पोटमाळ्यावर 'पराक्रम चित्रमाला'. चित्रमालेत तीन वीर होते, आणि तिघांचाही बाप एकच, हेमचंद्र. वज्रबाहूला गोळी लागत नसे. गरुडकुमार उडत असे. छायावीर भिंतीच्या सावलीत शिरला की दिसेनासा होई. सात वर्षं हे चाललं होतं. बंदरावरची कारकुनी सोडून तो इथे आला तेव्हा त्याला कथाकार व्हायचं होतं. दोन कथा एका मासिकात छापूनही आल्या होत्या, आणि त्या वाचून कुणी बरं म्हटलं नाही की वाईट. मालक अप्पांनी मात्र त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "अहो, तुमचं नाव आपण घालायचं नाही. चित्रकथेवर धैर्यवान लिहिलं तर लोक म्हणतील, हे नाव बनवलेलं आहे." तेव्हापासून मुखपृष्ठावर 'लेखक: एक वीरप्रेमी' असं छापत असत. पिढ्यान्पिढ्या प्रभू मंडळींत चालत आलेलं खरंखुरं आडनाव खोटं वाटेल म्हणून गेलं, आणि ते जाऊन आपल्याला जरा बरंच वाटलं, हे हेमचंद्राने नलूला, आपल्या बायकोलासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

कामाची तऱ्हाही उलटी होती. आधी गोष्ट आणि मग चित्रं, असं इथे नव्हतं. कमलाकांत आधी चित्रं काढी, बोलण्यासाठी पांढरे फुगे मोकळे सोडी, आणि मग हेमचंद्र ते फुगे पेन्सिलीने भरत बसे. कमलाकांतला मारामारीची चित्रं सुचत, गोष्ट सुचत नसे. त्यामुळे गोष्ट कुठे चाललीय हे हेमचंद्राला पान उलटल्यावरच कळे. तिन्ही वीरांचा जबडा कमलाकांतच्या मेहुण्याचा होता. फरक काय तो मुखवट्यात आणि छातीवरच्या खुणेत. घाई असली की जुनाच ठसा घेऊन छातीवरची खूण खरवडायची, की वज्रबाहूचा गरुडकुमार तयार. अशा वेळी हेमचंद्र त्याच जबड्यात दुसरे शब्द घाली. अप्पांचा एकच दंडक होता. फुगा रिकामा जाता कामा नये. "पांढरं दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, छापायचं राहिलं."

पान एकोणीसचा फुगा असाच भलामोठा होता. कमलाकांतचा हात सैल सुटला होता, झालं. हेमचंद्राने आधी 'थांबा!' लिहिलं. फुग्याच्या एका कोपऱ्यात ते दाराशी आलेल्या भिकाऱ्यासारखं दिसू लागलं. मग 'थांबा, नीचांनो!' तरी अर्धा फुगा उरला. दुपारचा एक वाजला होता, घरी नलूने कोलंबीचं भानोलं केलं होतं आणि ते गार होत होतं. त्याने खोडरबर घेतलं, फुगा कोरा केला, अक्षरं मोजली आणि दोन ओळींत चपखल बसेल असं वाक्य लिहून टाकलं. त्यात यमकासारखं काहीतरी झालं म्हणून तो जरा खूशही झाला. कमलाकांत खांद्यावरून वाकून म्हणाला, "झकास बसलं रे!" बसलं म्हणजे मापात बसलं. ते खरं आहे का, असा विचार कुणी केला नाही. करायचं कारणच नव्हतं. फुगा भरला होता.

आज तो माळ्यावर चढला तेव्हा अप्पा त्याची वाटच बघत होते. त्यांच्या हातात वज्रबाहूच्या पुढच्या अंकाचं मधलं पान होतं. "धैर्यवान, बघा काय काढलंय! सगळी मुंबई पेटलीय, आणि आपला वज्रबाहू समुद्रावर चाचे कसले मारतोय? त्याला मोर्च्यात घातलाय. असा खपेल बघा!" पानभर एकच चित्र होतं. मध्ये वज्रबाहू, दोन्ही हात पसरलेले, समोरून गोळ्या येतायत आणि त्याच्या छातीवर आपटून चहूकडे उडतायत. मागे माणसांची गर्दी. वर भला थोरला कोरा फुगा. "इथे असं काहीतरी घाला, की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे," अप्पा म्हणाले. "ते मागचं होतं ना, हलत नाही, लागत नाही, तसं. ते लोकांना पाठ झालंय."

"कुणी सांगितलं पाठ झालंय?" हेमचंद्राने इतक्या चटकन विचारलं की अप्पांनी चष्म्यावरून बघितलं.

"विक्रेते सांगतात. तुम्हाला काय झालं? घाम कसला आलाय?"

"ट्राममध्ये उकडलं."

ते पान त्याने पिशवीत घातलं आणि उद्या भरून आणतो म्हणाला. उद्या आणलं नाही. परवाही नाही. पेन्सिल टेकली की भिंतीवरचा गेरू समोर येई. लालबाग जवळ आलं की तो ट्राममध्ये उजव्या बाजूला सरके, आणि उजव्या बाजूला बसून डाव्या बाजूचाच विचार करी. राजाराम घाडी कोण असेल? तिशीचा असेल, त्याच्या डोळ्यांपुढे यायचं. लेंग्याच्या खिशात अंकाची घडी. समोर बंदुका, सगळे पळतायत, हा एकटा थांबलाय, आणि ओठांत पुटपुटतोय. काय पुटपुटतोय हे हेमचंद्राला इतकं स्पष्ट ऐकू येई की तो ट्रामच्या दांडीला घट्ट धरी. मी मारला त्याला. भानोलं गार होऊ नये म्हणून मारला. मग तो स्वतःची समजूत घाली की, छे, लोक काय चित्रकथा वाचून मोर्च्यात जातात! संयुक्त महाराष्ट्रासाठी इतकी माणसं गेली, ती काय वज्रबाहूने सांगितलं म्हणून? आणि लगेच दुसरं मन म्हणे, इतकी गेली ती गेली, पण हा एक?

त्या जानेवारीत स्वतः हेमचंद्र घरी होता. प्रभादेवीच्या दोन खोल्यांत, खिडकीच्या खाली, जमिनीवर, पालथा. दादरच्या बाजूने पहिला आवाज आला तेव्हा तो त्याला ओळखताच आला नाही. सात वर्षं त्याने बंदुकीसाठी 'धडाड्' लिहिलं होतं, पिस्तुलासाठी 'ठो'. आणि खरा आवाज कसा होता? गच्चीवर कुणी लाकडी फळी आडवी टाकावी, तसा. कोरडा, थोडासा. "फळी पडली कुणाची तरी," तो नलूला म्हणाला होता. मग दुसरी फळी, तिसरी, मग एकदम पाच-सात, आणि रस्त्यावरून माणसं ओरडत पळाली. तेव्हा तो खिडकीखाली आडवा झाला. नलूने शांतपणे खिडक्या लावल्या, कडी घातली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उशी देऊ का?" तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. सतरंजीला कुबट वास येत होता. तो वास आठवला की त्याचे कान अजून तापत.

आता नलूनेच त्याला शुक्रवारी धरलं. "अहो, तुम्ही चार दिवस जेवताना नुसती बोटं फिरवताय. काय झालंय?" त्याने सांगितलं. आधी अर्धं, मग सगळं. तिने ताट बाजूला सारलं आणि सरळ विचारलं, "मग जाऊन विचारा ना."

"काय विचारू? तुमचा माणूस माझ्यामुळे मेला का, असं?"

"असंच. दुसरं काय विचारणार?"

"आणि त्यांनी हो म्हटलं तर?"

नलू म्हणाली, "तरीसुद्धा जा. तुमच्याने असं राहवायचं नाही. आणि माझ्याने बघवायचं नाही."

रात्रभर त्याच्या मनात अण्णा येत राहिले, त्याचे वडील. तो दहा वर्षांचा असताना मैदानावर सत्याग्रहींची सभा होती आणि तो वाडीतल्या पोरांबरोबर बघायला गेला होता. लाठ्या सुरू झाल्या. पोरं पांगली, हा मात्र मध्ये उभा राहिला. शौर्याने नव्हे, पायच हलेनात. तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. अण्णा! कचेरीतून तसेच आलेले, अंगात काळा कोट. त्यांनी त्याला ओढत नेलं ते थेट घरच्या जिन्यापर्यंत. दंडावर पाच बोटं चार दिवस निळी दिसत होती. पुढे अण्णांना त्याच्या चित्रकथा आवडल्या नाहीत. "ह्यात कुणाच्या घरची माणसं कुठे दिसत नाहीत रे," असं ते एकदा चष्मा पुसत म्हणाले होते. हेमचंद्र हसला होता. वीरांना कसली आलीयत घरची माणसं!

रविवारी दुपारी तो लालबागला उतरला. भिंतीकडे न बघता त्याने पानवाल्याला घाडींचं घर विचारलं. पानवाल्याने चुना लावता लावता समोरची चाळ दाखवली. "तिसरा माळा, शेवटची खोली. गणपत असेल घरात. धाकटा भाऊ. ती भिंत त्यानेच लिहिलीय." जिना चढताना हेमचंद्राने मनात वाक्यं जुळवली आणि प्रत्येक माळ्यावर एकेक टाकून दिलं. तिसऱ्या माळ्यावर पोचला तेव्हा त्याच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनेच आत बघून हाक मारली, "गणपत, कोण इलेत बघ." आतून बाविशीतला, अंगाने काटक असा एक जण बाहेर आला. डोक्याचे केस नुकते कुठे वाढू लागले होते. बोटांना गेरू लागलेला नव्हता, तरी हेमचंद्राची नजर आधी बोटांवरच गेली.

"मी... वर्तमानपत्रासाठी माहिती जमवतोय," हेमचंद्र म्हणाला. हे कुठून आलं ते त्याला कळलं नाही. "गोळीबारात गेलेल्यांची."

"बसा," गणपत म्हणाला. त्याने खाटेवरची घोंगडी सारखी केली. "आई, चाय टाक."

भिंतीवर फोटो नव्हता. एका खिळ्याला सदरा टांगलेला होता, नुसता. खाटेखाली चित्रमालेचे अंक रचून ठेवले होते, सुतळीने बांधलेले. हेमचंद्राला तो गठ्ठा दिसला आणि मग दुसरीकडे बघणं कठीण झालं.

"राजाराम वाचायचे हे?" त्याने विचारलं.

"दादा? नाय. दादाला वाचता येत नव्हतं. मी वाचतो. सगळ्या चाळीला मीच वाचून दाखवतो. दादा ऐकायचा पण नाय. म्हणायचा, बंद कर रे तुझी थापेबाजी, उद्या पहिली पाळी हाय."

वाचता येत नव्हतं! त्याने ते वाचलंच नव्हतं! इतके दिवस जो माणूस हेमचंद्राच्या डोळ्यांपुढे पुटपुटत उभा होता तो नव्हताच. त्याला एकदम चहाचा वास आला, बाहेर नळावरची भांडणं ऐकू आली, आणि आपण आता लवकर निघू शकतो असं वाटलं.

"मी होतो ना पुढे," गणपत सांगू लागला. "बंदुका वर आल्या तसे सगळे पळाले. मी उभा राह्यलो. खोटं नाय सांगत, भीती अशी वाटलीच नाय. वज्रबाहूचं वाक्य डोक्यात होतं. तेवढ्यात दादा मागनं आला. मला न्यायला आला होता. त्याचं मोर्च्याबिर्च्याशी कायपण नव्हतं. हितं दंड धरला माझा. म्हणाला, चल घराक, आवस वाट बघता. आईचं नाव काढलं तरी मी हललो नाय."

बाईने चहाचा कप हेमचंद्रापुढे ठेवला आणि जाताना गणपतच्या पाठीवरून हात फिरवला. "ह्येका खरचटूक सुद्धा नाय, बघा," ती म्हणाली. "थोरलो गेलो."

"वाक्य खरं ठरलं, साहेब," गणपत म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि हेमचंद्राला त्याचीच जास्त भीती वाटली. "मी हललो नाय, मला लागली नाय. हितनं गेली, कानाजवळनं. ऊब लागली मला तिची. मागे दादा होता."

हेमचंद्राने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्याने विचारलं, "मग ती ओळ भिंतीवर कशासाठी लिहिलीत?"

"लिहिणाऱ्यासाठी. असेल की हितंच कुठेतरी, मुंबईतच. त्याच्या पुस्तकावर नाव नाय, पत्ता नाय. छापखान्यात गेलो तर खालचा माणूस म्हणाला, आम्हाला म्हायती नाय. म्हटलं, कधीतरी ट्रामनं जाईल, भिंत बघेल. मारामारी नाय करायची मला. एकच विचारायचंय." त्याने खाटेखालून गठ्ठा ओढला, वरचाच अंक काढला आणि पान एकोणीस उघडून हेमचंद्राच्या मांडीवर ठेवलं. पानाचा कोपरा मळून काळा झाला होता. "ह्याला गोळी लागत नाय. ठीक. आपटून उडते. मग ती जाते कुठे? मी सगळे अंक काढून बघितले, साहेब. पुढच्या चित्रात हा आपला उभाच. मागचं कधी दाखवतच नाय. आता सात वर्षांत किती गोळ्या झाल्या असतील? त्या कुठेतरी गेल्याच असणार ना?"

हेमचंद्र पानाकडे बघत राहिला. चाचे, बंदुका, मेहुण्याचा जबडा. उजव्या कडेला चौकट संपत होती.

"तुमची छापणाऱ्यांत ओळख असेल," गणपत म्हणाला. "भेटला तर विचाराल?"

"विचारीन," हेमचंद्र म्हणाला.

जिना त्याने भरभर उतरला. खाली येऊन रस्त्यावर उभा राहिला तेव्हा आपली सुटका झाली या विचाराने त्याला आनंद झालाय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या आनंदाची त्याला इतकी किळस आली की तो थुंकायला गटारापाशी गेला. थुंकी आली नाही. थांब्यावर रविवारची चार माणसं होती. एका बाईच्या हातात माशांची पिशवी. त्याने उगाच काहीतरी करायचं म्हणून कातडी पिशवी उघडली आणि अप्पांनी दिलेलं पान बाहेर काढलं. मोर्च्यातला वज्रबाहू. छातीवर आपटून उडणाऱ्या गोळ्यांच्या रेघा कमलाकांतने पट्टीने मारल्या होत्या, एकदम सफाईने. मागची गर्दी मात्र नेहमीसारखी उरकली होती. डोक्यांच्या जागी नुसती शून्यं, तीन रांगा. दरमहा तो अशी शून्यं काढी आणि दरमहा हेमचंद्र त्यांच्यावरून नजर नेई. आज त्याने एका रेघेवर बोट ठेवलं. बोट रेघेवरून मागे मागे गेलं आणि पहिल्या रांगेतल्या चौथ्या शून्यावर येऊन थांबलं. दुसरी रेघ धरली, ती दुसऱ्या रांगेत गेली. तिसरी. त्याच्या दंडावर, अण्णांची बोटं होती त्या जागी, शहारा आला. अण्णा मागेच उभे होते तेव्हा. लाठी चुकली असती तर ती अण्णांनाच लागली असती. हा विचार सव्वीस वर्षांत त्याला पहिल्यांदा आला.

ट्राम आली. माशांची पिशवी चढली, बाकीचे चढले. पानावरचा फुगा कोरा होता आणि त्यात घालायला त्याच्याजवळ एक शब्द नव्हता. "येताय का, राव?" कंडक्टरने दोरीला हात घालत विचारलं. हेमचंद्राने मान हलवली, म्हणजे नाही. पाय हलत नव्हते. लहानपणी मैदानावर हलले नव्हते तसेच, फरक इतकाच की आज मागून दंड धरायला कुणी येणार नव्हतं. ट्राम गेली. त्याने पान पिशवीत घातलं, रस्ता ओलांडला आणि पुन्हा जिना चढू लागला. पहिला माळा, दुसरा माळा. प्रत्येक पायरीवर परत फिरायची सोय होती.

बाई अजून दारातच तांदूळ निवडत होती. त्याला बघून तिने सूप खाली ठेवलं. "काय इसारलात?"

आतून गणपत दाराशी आला.

"हो," हेमचंद्र म्हणाला. "माझं नाव सांगायचं राहिलं."